पहिल्याच हाकेला

जयवंता मावशीच्या त्या नेमाचा मला लहानपणापासून संताप. बाहेरून, अंगणातून नाहीतर रानातून, कोणी हाक मारली तर तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. का, तर पहिल्या दोन हाका माणसाच्याच असतील असं नाही म्हणे! आणि कुलदीप, तिचा पोरगा, माझा मावसभाऊ, बडनेऱ्याला रेल्वेत लागला तरी हा नेम पाळत होता. मी अकोल्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. असलं ऐकलं की माझं डोकं सणकतं.

हिमाचलातली ती लांबची पायवाट आम्ही वर्षभर ठरवत होतो. आमच्याकडं डोंगर कुठला सरावाला? कुलदीप सॅकमध्ये तुरीची डाळ भरून बडनेरा स्टेशनच्या पुलावर चढ-उतार करायचा. लोक विचारायचे, "काहून रे, डाळ कोनाले पोचवून राहिला?" निघताना मावशीनं माझा हात घट्ट धरला. "तू नेऊन राहिली, तूच आणून दे. माया पोट्टा मले पायजे." हात दुखेपर्यंत सोडला नाही बाईनं.

वर चालताना आम्ही दोघंच. एका बाजूला दरी, पायाखाली सुटे दगड आणि चार पावलांत धाप. हा लांब टांगांचा गडी सारखा पुढं जायचा. मी हाक मारायची, गप्प. पुन्हा मारायची, गप्प. तिसऱ्या हाकेला सावकाश, "ओ!"

एका चढावर मी फुटलेच. "अरे गधड्या, इथं श्वास पुरत नाही, अन् तुयासाठी तीनदा बोंबलू? पडलाबिडला असशील तर मले कसं समजन?"

"सवय हाय न ताई. जीभच उचलत नाई."

"मंग उपटून टाक ती जीभ! यापुढं पहिल्या हाकेला ओ आली नाही तर मी तुले इथंच सोडून जाईन. देवाशपथ."

तो हसला नाही. सॅकचा पट्टा ओढून पुढं निघाला.

खिंडीजवळ खालून धुकं चढलं. ओल्या दगडांचा वास आला, वारा पडला. कुलदीपच्या सॅकचं लाल कव्हर आधी फिकं झालं, मग दिसेना. मी थांबले. राग होताच.

"कुलदीप!"

"ओ!"

लगेच. अगदी जवळून, डावीकडून. तिकडं दरी असावी असं मला वाटत होतं, पण त्या धुक्यात दिशा कोणाला कळते? तो समोर येऊन उभा राहिला. लाल कव्हर, तीच टोपी. मला धाप लागलेली, तोंडातून वाफा निघत होत्या. त्याच्या तोंडातून निघत नव्हत्या. नाकानं श्वास घेत असेल, म्हटलं.

"शाबास! शिकलास एकदाचा," मी म्हणाले. खरंच बरं वाटलं मला. दुसरी हाक मारायचं कारणच उरलं नाही.

त्यानंतर सगळ्या वाटेभर माझ्या तोंडून नाव पुरतं निघायच्या आत त्याची ओ यायची.

चांदूर रेल्वेला, मावशीच्या घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मावशी अंगणात मेथी निवडत होती. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, तो चहा ठेवायला घरात गेला. मग तिनं मेथी निवडता निवडताच हाक मारली.

"कुलदीप!"

"ओ!" आतून, लगेच.

मावशीच्या हातातली जुडी खाली पडली. "कोनाले घेऊन आली वं तू?"

माझं टाळकंच फिरलं. "मावशी, शरम वाटू दे! धडधाकट पोरगा आणून दिला, अन् तू हे बोलतेस? तुझ्या या खुळापायी एखाद दिवस जीव गेला असता त्याचा!"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. घरामागच्या वावराकडं तोंड केलं.

"कुलदीप!"

"ओ!" तो आता दारात येऊन उभा होता.

मावशीनं तिसरी हाक मारली. फार मोठ्यानं नाही.

दारातल्याचे ओठ मिटलेले होते.

ओ वावरातून आली. लांबून, उंचावर लागते तशी धाप लागलेली.

"ओ... ताई, थांब न... सोडून नको जाऊ!"

खिंडीत मी एकच हाक मारली होती.

मी दाराकडं वळले. "कोण हायस रे तू?"

"चाय निवून राहिला, ताई," तो म्हणाला.