थंड हाताचा घास

मी इथिओपियातल्या बाहिर दार शहरात, एका इस्पितळात रक्त तपासते. बावीस वर्षं झाली. आमच्या कामात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. खोटा आकडा सांगायचा नाही. समोरच्याला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही.

तेव्हा मी जे लिहिते आहे ते खरं आहे, एवढं धरून चाला. पुरावा मात्र माझ्याकडे नाही.

तारीख आमच्या पंचांगातल्या नेहासे महिन्याची अठ्ठावीस. नऊ वर्षांपूर्वीची. पावसाळा संपत आला होता. जागा, चोके डोंगराच्या उतारावरचं आमचं गाव. माझ्या थोरल्या बहिणीचं घर.

रात्र नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते.

बहिणीला जाऊन त्या दिवशी चाळीस दिवस झाले होते.

तिचं नाव वर्कनेश. मी तिला इतिये म्हणायची, म्हणजे ताई. ती आठ वर्षांची असताना मी झाले, आणि माझं नाव तिनेच ठेवलं. एतागेन्य. "बहीण मिळाली." घरात सगळे भाऊच होते, त्यामुळे तिला भारी हौस.

इतियेचे हात थंड असायचे. पायही. आधी नव्हते; हिरुत, तिची मुलगी, झाल्यानंतर हळूहळू होत गेले. दोन-दोन मोजे, त्यावर प्लास्टिकच्या चपला, अंगावर गाबी, म्हणजे जाड सुती चादर, तरी चुलीपासून हलायची नाही. चालायचीही पाय ओढत. सर्र... थांबा. सर्र... थांबा. तिच्या येण्याचा तो आवाज साऱ्या गल्लीला पाठ होता.

आमच्याकडे बायका केसांना लोणी लावतात. तळहातावर घेतलं की ते विरघळतं. इतियेच्या हातावर ते गोळ्यासारखं बसून राहायचं.

"बघ," ती हसायची, "मला बाजारात उभी कर. लोण्याचं दुकान चालेल माझ्यावर."

तिच्या सासू, इमामा झिनाश, तिथेच असायच्या; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे इमामा म्हणतात. त्या म्हणायच्या, "हात हलवले तर गरम होतील ना! दगडावर ऊन पडलं तरी दगड तापतो. ही बाई त्याहून गार."

इतिये उत्तर द्यायची नाही. उत्तर द्यायलाही तिला वेळ लागायचा.

तिच्या गळ्यावर निळ्या गोंदणाची तीन वर्तुळं होती. आमच्या डोंगरात गळा सुजू नये म्हणून लहानपणीच गोंदतात. तिचा तरीही थोडा सुजलेला होता. गावातल्या निम्म्या बायकांचा असतो. कोण बघतं?

मी बघायला हवं होतं.

त्या वर्षीच्या ईस्टरला मी घरी गेले होते. तिने माझा हात हातात घेतला तेव्हा मी दचकले. तिच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर एक उभी, खोल चीर होती. कातडी सालपटासारखी कोरडी.

"एतागेन्य, तू शिकलेली आहेस. मला काय झालंय गं? झोप पुरत नाही. थंडी हाडातून जात नाही."

मी तिची नाडी मोजली. मनगटावरच्या घड्याळात बघून, पूर्ण एक मिनिट.

बावन्न.

"धावपटूचं हृदय आहे तुझं!" मी म्हणाले. "डोंगर चढून-उतरून झालंय. आपल्याकडच्या पोरांची अशीच नाडी असते, म्हणून तर पदकं आणतात."

ती खूप हसली. आल्या-गेल्याला सांगत सुटली, "माझी बहीण म्हणते, मी धावपटू आहे!"

थंड हात, मंद नाडी, कोरडी कातडी, सुजलेला गळा. थायरॉइडची ग्रंथी पुरेसं काम करत नसली की नेमकं हेच होतं. ज्या मशीनवर ते कळतं, ते मी रोज चालवत होते. रोज तीस-चाळीस अनोळखी माणसांचं रक्त त्यात घालत होते.

पावसाळ्यातल्या एका सकाळी ती उठली नाही. इमामांनी जाऊन हात धरून हलवला. हात थंड होता.

पण तो रोजच थंड असायचा.

"झोपू दे आळशीला," म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. दुपारी कॉफीच्या वेळेला कोणीतरी म्हणालं, "अजून झोपलीय?" तेव्हा कळलं. अंघोळ घालणाऱ्या बाईने मला नंतर सांगितलं, "पोरी, ती मेल्यावर जास्त गार झालीच नाही."

आता त्या दुपारबद्दल.

चाळिसाव्याचं जेवण उरकलं होतं. पाद्री जेवून गेले, गाव जेवून गेलं. पुरुष अंगणातल्या मांडवात बसले होते. घरात जेवायच्या राहिलेल्या आम्ही तिघी. इमामा, मी आणि पंधरा वर्षांची हिरुत. गवताच्या विणलेल्या मेजावर डोशासारखा एकच मोठा इंजेरा, त्यावर डाळीच्या पिठाचं शिरो आणि पालेभाजी. तेवढंच.

हिरुतने आमच्या हातांवर पाणी घातलं आणि तांब्या भरायला बाहेर गेली.

तेवढ्यात गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा आवाज की बोललेलं ऐकू येईना. दिवा गेला. आमच्या घरांना खिडक्या लहान. वाऱ्याने दारही आपटून बंद झालं. समोरच्या इमामा मला दिसेनाशा झाल्या.

मग गारा थांबल्या.

एकदम. कोणी हात वर केल्यासारख्या.

आणि त्या शांततेत...

सर्र.

थांबा.

सर्र.

मी स्वतःला सांगितलं, हिरुत आली. आईच्या चपला घालून आली असेल.

आवाज माझ्या उजव्या अंगाला येऊन थांबला. श्वास ऐकू आला नाही. गाबीला चुलीच्या धुराचा वास असतो, तो तेवढा आला.

आमच्याकडे मायेच्या माणसाला हाताने घास भरवतात. गुर्शा म्हणतात त्याला. एकच घास दिला तर वैर होतं, तीन दिले की माया जुळते, असं जुनी माणसं सांगतात. इतिये मला नेहमी तीन द्यायची. मोजून.

माझ्या ओठांना काहीतरी लागलं...

घास होता. लहान, घट्ट वळलेला. सवयीने तोंड उघडलं गेलं. बोटं खालच्या ओठाला टेकली. ती पाण्यात बुडवल्यामुळे गार झालेली नव्हती. पाण्याचा गारवा वरवरचा असतो. हा आतून येत होता.

आणि अंगठ्याच्या पेरावर... ओठाला एक उभी चीर जाणवली.

मी गिळलं. तोंडात भाजलेल्या जवसाची चव पसरली. उपासाच्या दिवसांत इतिये माझ्यासाठी जवसाची पातळ चटणी करायची. मेजावर त्या दिवशी जवस नव्हता.

मी तोंड उघडं ठेवून थांबले. दुसऱ्या घासासाठी.

तो आला नाही.

पलीकडे, इमामांच्या बाजूला, काहीतरी हललं. चपलांचा आवाज तिकडे गेला. बराच वेळ तिथेच होता. मग तोही गेला.

दार उघडलं. उजेडात हिरुत उभी होती. दोन्ही हातांत भरलेला तांब्या धरून, डोक्यावर गारांचा चुरा.

"हिरुत! तू आत आली होतीस ना? मला भरवलंस?"

"मी? नाही हो, मावशी. मी वळचणीखाली उभी होते. गारांत कशी येऊ?"

मी उठून तिचा अंगठा बघितला. कातडी गुळगुळीत होती. चीर कुठेच नव्हती.

पण हात थंड होता.

"पाण्याने झाला असेल," ती ओशाळून म्हणाली. "तसा रोजच असतो. पायपण. शाळेत पोरी मला बेडूक म्हणतात."

मी तिला उजेडात बसवलं. मनगट धरलं. एक मिनिट, घड्याळात बघून.

चौपन्न.

ती गेल्या वर्षी नापास झाली होती. वर्गात झोपते म्हणून मास्तरांनी बाकावर उभं केलं होतं. इमामा तिला म्हणायच्या, "आईचंच बी. एका घरात दोन ऐदी." हे सगळं मी ऐकलं होतं. आजवर नुसतंच ऐकलं होतं.

"इमामा, मी हिला उद्या बाहिर दारला नेते," मी म्हणाले. भांडणाची तयारी ठेवूनच म्हणाले. घरात दुसरी बाई उरली नव्हती. इंजेरा कोण भाजणार, पाणी कोण आणणार? वर्षभर आधी इतियेला चार दिवस पाठवा म्हटलं होतं, माझ्याकडे विसाव्याला, तर त्यांनी अंगण डोक्यावर घेतलं होतं.

इमामांचे हात मांडीवर होते. हनुवटीवर काहीतरी सांडलं होतं, ते त्यांनी पुसलंही नव्हतं.

"उद्या नको," त्या म्हणाल्या. "आजच ने. शेवटची बस साडेचारची आहे. ऊठ गं हिरुत, चपला घाल."

दुसऱ्या दिवशी मी हिरुतचं रक्त त्या मशीनमध्ये घातलं. मशीनने आकडाच दिला नाही. मोजण्याच्या पलीकडे, एवढंच दाखवलं. मी तीनदा घालून बघितलं. तीनदा तेच.

औषध म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. पांढरी, मसुरीएवढी. तीन महिन्यांनी हिरुतने माझ्या गालाला हात लावला तेव्हा मला चटका बसल्यासारखं झालं, इतका तो ऊबदार होता. ती माझ्याकडेच राहिली. आता नर्स आहे. भरभर चालते, भरभर बोलते.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण गेल्या वर्षी इमामा आजारी पडल्या, आणि मी भेटायला गेले.

दिसत नव्हतं त्यांना फारसं. माझा हात चाचपून धरला.

"एतागेन्य, एक विचारू? त्या गारांच्या दुपारी... तुलाही भरवलं ना तिने?"

मी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

"तुम्हाला कळलं?"

"कळणार नाही? रोज त्या हाताला नावं ठेवली मी. मरून पडली होती तेव्हाही आळशी म्हणाले." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालांवर ओघळत होतं. "मला वाटलं, गळा दाबायला आलीय. आणि तिने घास दिला. मग दुसरा. मग तिसरा. तीन दिले गं मला. मोजून तीन."

बाहेर कोंबडी ओरडत होती.

"तुला तर कितीतरी दिले असतील," त्या म्हणाल्या. "तू तिची लाडकी. किती दिले?"

"तीन," मी म्हणाले.

बावीस वर्षांत सांगितलेला तेवढाच एक खोटा आकडा.

इमामांना माहीत नव्हतं म्हणून त्या चुकल्या. मला माहीत होतं. मी तिचा हात पूर्ण एक मिनिट हातात धरून बसले होते.

हिरुत मला भरवते. तीन घास, तिच्या गरम हाताने. मी खाते. पण अजूनही जेवताना वीज गेली की मी हातातलं खाली ठेवते. हिरुत मेणबत्ती शोधायला उठते, तिला म्हणते, "राहू दे. थोडं थांब."

मग त्या अंधारात मी तोंड किंचित उघडं ठेवून बसते...

अजून दोन राहिलेत.