मोराचे पेच

“मोत्यांची नथ गेली. घरात बाहेरचा माणूस एकच, तो हा.”

सरदार पिलाजीरावांनी ओसरीवरच्या रघुनाथ मिस्त्रीकडे बोट दाखवलं. पाणीगेटचे फौजदार दत्ताजीराव घोड्यावरून उतरून अजून घामच पुसत होते.

मिस्त्रीची झडती झाली होती. हत्यारांची पेटी उपडी केली होती. नथ नव्हती. तरी शिपाई बेड्या घेऊन उभा होताच. वीस वर्षं या घरचं काम करणारा माणूस. आज बेड्या पडल्या, तर उद्या बडोद्यात कुणी त्याला दाराची कडीही बसवू देणार नव्हतं.

“नथ शेवटची कधी पाहिलीत?”

“सकाळी,” सरदारांच्या पत्नी कुसुमावतीबाई म्हणाल्या. “दुपारी हळदीकुंकवाला घालायला गेले, तर डबी रिकामी.”

“दुपारी कुठे होतास, मिस्त्री?”

“परसात जेवत होतो, साहेब. बंदुकीवर मोर बसवून, कानस मारून ती इथंच ठेवली होती.”

बंदूक चौरंगावर होती. शिसवी दस्ता, त्यात जडवलेला पितळी मोर. सरदारांचे पुतणे जयसिंगराव तिची गवसणी घेऊन उभे होते. शिकारीला निघायची घाई. त्यांनी कपाळ पुसलं. रुमालावर काळा डाग होता.

“हे काय, सरकार?” फौजदारांनी विचारलं.

“बाळाला तीट लावली मघाशी. काजळ आहे.”

दत्ताजीरावांना बंदुकांचं भारी वेड. राहवेना, म्हणून त्यांनी मोरावरून अंगठा फिरवला. अंगठा दोनदा अडखळला.

“केम, मिस्त्री? एवढं नाव तुझं, आणि मोर धरणारे पेच असे वर आलेले?”

रघुनाथ पुढे झाला. बेड्या पाहून जो डगमगला नव्हता, तो आता पांढराफटक पडला.

“साहेब, हे माझं काम नाही. मी आधी पेच आवळतो, मग पेच, पितळ, लाकूड, तिन्हींवरून एकदम कानस मारतो. ज्या भोकाचा पेच त्याच भोकात. अदलाबदल झाली की डोकं वर येतं. कुणीतरी मोर उघडलाय.”

“त्याखाली काय असतं?”

“खाच. मोराला काजळ-एरंडेल फासून दाबतो, काळं उमटेल तिथं तासतो. शिवाय बोटभर पोकळी. या धाकट्या सरकारांनी ताईतासाठी सांगितली होती.”

जयसिंगरावांनी गवसणी पुढे केली. “काका, मला उशीर होतोय.”

“होऊ द्या,” फौजदार म्हणाले. “पेचकस आण, मिस्त्री.”

मोर निघाला. पोकळीत कापसात गुंडाळलेली नथ होती.

“मग यानंच लपवली,” जयसिंगराव म्हणाले.

“यानं लपवली असती तर पेच चुकले नसते. आणि बंदूक तुमच्याबरोबर जाणार होती, त्याच्याबरोबर नाही. घरभर झडत्या होतील, पण तुमची बंदूक कोण तपासतंय? रुमाल द्या.”

त्यांनी रुमाल उन्हात धरला. काळ्या डागात बारीक पिवळे कण चमकले.

“बाळाच्या काजळात पितळेचा कीस कुठून आला, सरकार?”

जयसिंगरावांची मान खाली गेली. “ती नथ माझ्या आईची होती.”

“मागून तरी बघायचं होतंस,” कुसुमावतीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “या गरिबाला बेड्या पडायची वेळ आली, तरी बघत उभा राहिलास.”

शिपायाने बेड्या आवरल्या. पिलाजीराव पायरी उतरून ओसरीवर आले. वीस वर्षांत त्यांनी मिस्त्रीला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

“रघुनाथराव, तुम्ही आता घरी जा.”

“जातो, सरकार,” रघुनाथ म्हणाला. तो खाली बसून एकेक पेच हातात धरून त्याचं भोक शोधत होता. “पण पेच चुकलेले ठेवून नाही.”