एकतीस नंबरवरून आलेलं उत्तर

आधीच सांगून ठेवतो, ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो तल्हा भिसेगावात राहतो. आजही दुकान उघडतो, आल्यागेल्याला चहा पाजतो. फक्त हा विषय निघाला की उठून जातो. खोटं वाटत असेल तर इथंच सोडा.

आणि रात्रबिरात्र काही नव्हती. मागच्या रमजानमधला बुधवार, दुपारचे सव्वाचार. लख्ख ऊन. खालापूरच्या पुढचा एक कारखाना. नाव सांगणार नाही.

तल्हाचं काम कॅमेरे आणि इंटरकॉम बसवायचं. त्या कारखान्यात जमिनीखाली एक लांबलचक टाकी होती. आत उतरून माणूस गाळ काढायचा. वर पंख्याचा एवढा गोंगाट, की आतली हाक वर यायची नाही. म्हणून कमरेला दोरी. वरच्यानं ओढायची, आतल्यानं ओढून उत्तर द्यायचं.

उतरायचा शुक्रा. दोरी धरायची त्याची बायको, जना. डोंगरातल्या वाडीवरून दोघं सोबतच कामाला यायची. किती वर्षं झाली, त्यांनाही आठवत नव्हतं.

त्या दिवशी सुपरवायझर निलेश म्हणाला, "आता दोरी कशाला गं? मशीन आलंय. बोलायचं नि ऐकायचं."

जना दोरीचं वेटोळं मांडीवर घेऊन तशीच बसली.

आता थोडं मशीनचं. हे इंटरकॉम नेटवर्कच्या वायरवर चालतात. प्रत्येक डब्याला आपला पत्ता, म्हणजे एक नंबर. एकाच नंबरवर दोन डबे आले, तर हाक कुणाकडे जाईल याचा नेम नाही. म्हणून नंबर देण्याआधी लॅपटॉपवरून त्याला हाक मारून बघायची. उत्तर आलं नाही, तर नंबर मोकळा.

भिंतीवर या नंबरांचा जुना तक्ता होता. त्यात टाकीच्या नावापुढे एकतीस. लाल शाईनं खोडलेला.

तल्हानं एकतीसला हाक मारली. टाकीचा डबा अजून खोक्यात होता...

उत्तर आलं.

पुन्हा मारली. पुन्हा आलं.

"निलेश, या लाइनीवर दुसरं काही जोडलंय का रे?"

"काय नाय. जुनं समदं भंगारात गेलं."

नंबर बदलायचा, दहा मिनिटांचं काम. पण टाकीबाहेर निलेशसाठी लावलेल्या फोनच्या बटणात एकतीसच भरून झाला होता. रोजा होता, डोकं ठणकत होतं, इफ्तारला घर गाठायचं होतं. लॅपटॉपचाच काहीतरी घोळ, म्हणत त्यानं तोच नंबर डब्याला दिला.

इथंच माती खाल्ली.

डबा टाकीत टांगला. शुक्रा उतरला. तीन मिनिटांनी निलेशनं बटण दाबलं.

"शुक्रा, बरा हायस ना रं?"

"हाय. चालू द्या."

स्वच्छ आवाज. निलेश खूश. दर तीन मिनिटांनी हाक, दर वेळी तेच.

"हाय. चालू द्या."

चौथ्या वेळी जना उठली. "ह्यो माज्या माणसाचा आवाज नाय."

"मशीनमधून आवाज बदलतो गं बाई," निलेश हसला.

तल्हानंही मान डोलावली. मशीन त्यानंच बसवलं होतं ना!

सातव्या वेळी निलेशनं बटण दाबलं, तोंड उघडलं...

"हाय. चालू द्या."

विचारायच्या आधीच.

तल्हा पुढे धावला. त्यानं फोनची नेटवर्कची वायरच उपटली. आता तो फोन कशालाच जोडलेला नव्हता.

"हाय. चालू द्या."

"काढा रे त्याला वर!" तल्हा किंचाळला. जना टाकीच्या तोंडातून आत शिरायलाच निघाली होती. चौघांनी तिला धरलं. आत विषारी वायू साचला असणार, मास्कशिवाय जायची सोय नव्हती, आणि ओढायला त्याच्या कमरेला दोरी नव्हती. मास्कवाली माणसं यायला वीस मिनिटं लागली. तोवर सगळे नुसते उभे. आणि तो फोन शांतपणे सांगत होता, चालू द्या... चालू द्या...

शुक्राला वर काढलं, तेव्हा श्वास नव्हता.

निलेशनं पोलिसांना जबाब लिहून दिला, माणूस शेवटपर्यंत उत्तरं देत होता. खोटं कसं म्हणणार? सगळ्यांनी ऐकलं होतं. लाल शाईचं विचारलं, तर म्हणाला, मी नवीन आहे. तिथल्या जुन्या वॉचमनला तेच विचारलं, तर तो मान खाली घालून निघून गेला.

टाकीतल्या डब्यात एक मेमरी कार्ड होतं. समोर बोललेलं सगळं त्यात साठायचं. तल्हानं ते गुपचूप काढून आणलं, घरी ऐकलं. निलेशचा एकही प्रश्न त्यात नव्हता. फक्त शुक्रा.

"सायेब, दम लागतोय."

"वर कोन हाय का?"

मग बराच वेळ खोकला... आणि शेवटी अगदी बारीक.

"जना, दोरी वढ गं."

त्यानंतर काही नाही.

तेराव्यानंतर जना दुकानात आली. "दादा, डब्यातलं कार्ड तुमी काढताना मी बगितलंय. तुमी तरी सांगा पोलिसांना. त्यो आवाज त्याचा नव्हता."

सांगायचं तर कार्ड ऐकवावं लागणार. नंबर आपण कसा दिला, तेही कबूल करावं लागणार. ते एक वेळ तो करेलही. पण कार्ड लागलं की शेवटचे ते शब्द तिच्या कानावर पडणार. हे त्याच्यानं होत नाही.

"कार्ड कोरं निघालं गं," तो म्हणाला.

तिला ते पटलेलं नाही. ती दर बुधवारी खालापूरहून बस धरून येते. काल आली होती. पाणी प्यायली, बाकावर बसून राहिली, आणि काही न विचारता निघून गेली.