आळशीबाईचा दगड

"तू मांडीतल्या स्नायूचा तुकडा तपासणीला काढू दिलास, म्हणून निदान कळलं तरी," बोर्गहिल्ड दारातूनच म्हणाली आणि इस्पितळाचं पत्र तिनं टेबलावर ठेवलं. पण धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत काही तिला बघवेना.

अठ्ठावन्न वर्षांत थोरली टुरिडपुढे अशी मान खाली घालून कधी उभी राहिली नव्हती! टुरिडला बरं वाटायला हवं होतं... पण वाटलं नाही. पत्र टिरिलबद्दलही होतं. टिरिल म्हणजे बोर्गहिल्डची नात, आठ वर्षांची पोर, एक जिना चढताना दोनदा बसणारी... थेट टुरिडसारखी.

टुरिडचं सगळं आयुष्य एका शब्दात मावलं होतं, आळशी. गवत कापायच्या दिवसांत अख्खं घर कुरणात राबायचं आणि ही कडेला बसायची. रविवारी सगळे डोंगरमाथ्यावरच्या दगडांच्या राशीपर्यंत चढून जायचे, तिथे संत्री सोलायचे, आणि टुरिड अर्ध्या वाटेवर एका सपाट दगडावर टेकायची. "बसल्या बघा राणीसाहेब," बोर्गहिल्ड म्हणायची, आणि पुढे त्या दगडाचं नावच 'आळशीबाईचा दगड' पडलं. ओलावनं मागणी घातली तेव्हा टुरिडनं स्वतःच नकार दिला. उभ्यानं चार भांडी घासली की जिचे पाय लटपटतात, तिनं एका भल्या माणसाच्या गळ्यात धोंड होऊन का पडावं? तो कडू घोट तिनं एकटीनं गिळला... आणि लोक म्हणाले, हिला लग्नाचासुद्धा कंटाळा!

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" टुरिडनं विचारलं.

"म्हणे, आपल्या पेशीपेशीत बारीक चुली असतात. त्यांत प्रथिनांची चाकं फिरतात. ती फिरली की खाल्लेल्या अन्नाची शक्ती होते. तुझ्या चाकांचा एक भाग जन्मापासून वाकडा आहे. फिरतात, पण रखडत. टिरिलची तर त्याहून..."

"आणि तुझी, ताई?"

"माझ्यातही आहे ते. थोडं. हे फक्त आईकडून येतं. आपल्या आईनं दोघींना दिलं, माझ्या वाट्याला कमी आलं, एवढंच. मग मी माझ्या मार्गुनला दिलं आणि तिनं तिच्या पोरीला." बोर्गहिल्डनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "जन्मभर तुला नावं ठेवली गं मी. आणि पोरीचं दुखणं माझ्याच पोटातून गेलं."

"औषध?"

"नाही."

ताईच्या तोंडून चुकीच्या कबुलीचे शब्द ऐकायला टुरिडचा जीव उभा जन्म आसुसला होता, आणि आज ते आले तर तिला नकोसे झाले. "मला मरेपर्यंत आळशी म्हण, ताई," ती रडू लागली, "पण त्या लेकराचे पाय..." बोर्गहिल्डनं तिला जवळ घेतलं. दोघींच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं.

रविवारी सगळे निघाले. नेहमीच्या जागी टुरिड दगडावर बसली. पाठोपाठ टिरिल येऊन तिला खेटून बसली आणि धापा टाकत म्हणाली, "मावशीआजी, पाय इथेच संपतात, हे तुला कसं गं कळलं?"

टुरिडनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुम्ही व्हा पुढे," बोर्गहिल्ड मार्गुनला आणि जावयाला म्हणाली. सत्तरी आली तरी माथा गाठल्याशिवाय तिचा एक रविवार गेला नव्हता.

"आजी, तूपण दमलीस?"

"नाही गं." दगडावर जागा दोघींपुरतीच होती. तिनं नातीला मांडीवर घेतलं, संत्रं सोललं आणि पहिली फोड टुरिडच्या हातावर ठेवली. मग तिनं मान वर करून पाहिलं.

"इथून माथा दिसतच नाही की," ती म्हणाली.

"नाही दिसत," टुरिड म्हणाली. "नुसतं तुमचं हसणं ऐकू येतं."