एर्वेची कडी

बेझाँसाँच्या पुलावर वाऱ्यानं ओदीलची छत्री हिसकावली आणि थेट नदीत नेऊन टाकली.

"बुडालेलं वर काढणं हाच माझा धंदा आहे," मागून कुणीतरी म्हणालं, "पण छत्रीसाठी मी या गार पाण्यात उतरणार नाही. माझ्या छत्रीत जागा आहे मात्र."

ओदीलनं वळून पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, डोळ्यांत मिस्किल हसू...

"अनोळखी माणसाच्या छत्रीत मी शिरत नाही."

"मी तँगी. तुलाँच्या बंदरात पाणबुड्या आहे. झाली ओळख?"

ती हसली. दोघं कोपऱ्यावरच्या कॅफेत शिरले. वाइन आली, गप्पा रंगल्या. तिनं आडनाव सांगितलं, तेव्हा मात्र त्यानं ग्लास खाली ठेवला.

"व्युयमे... म्हणजे घड्याळवाले? मी तुमच्याच घराशी भांडायला आलोय."

पाणबुड्यांचं घड्याळ ही व्युयमे घराण्याची शान. तबकडीभोवतीची कडी फिरवून ठेवली, की पाण्याखाली किती वेळ गेला ते कळतं. ती कडी ओदीलच्या आजोबांना सुचली, असं जग मानत होतं. तँगी म्हणाला, ती सुचली नौदलातल्या त्याच्या आजोबांना, एर्वे ल गोफ यांना.

ओदीलला आठवलं. लहानपणी तिला मांडीवर घेऊन आजोबाच म्हणायचे, "ही कडी माझी नाही गं. एर्वेची."

तिनं ते सांगून टाकलं. तँगीचे डोळे भरून आले.

"मला दुसरं काही नको. घड्याळाच्या पंच्याहत्तरीच्या सोहळ्यात एकदा त्यांचं नाव घ्या."

"भाषण मीच करणार आहे," ती म्हणाली. "घेईन. आणि... मला 'तू' म्हण."

मग तो दर शनिवारी येऊ लागला. नदीकाठी तिचं मनगट हातात घेऊन घड्याळाची कडी फिरवायचा. "गाडी सुटेपर्यंत एवढाच वेळ आहे. भांडतेस, की जवळ येतेस?"

"आधी भांडते," ती म्हणायची, आणि जवळ सरकायची.

सोहळ्याच्या सकाळी वडिलांनी तिला बाजूला घेतलं. "नवे मालक ही कहाणी पाहूनच कारखाना घेतायत. आज दुसरं नाव निघालं तर ते उठून जातील. मग साठ कामगारांच्या घरी जाऊन काय सांगशील?"

तँगी शेवटच्या रांगेत बसला होता, सवय नसलेला टाय लावून.

"ही कडी..." ओदील थांबली. वडिलांकडे तिनं पाहिलं. "...माझ्या आजोबांची देणगी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तँगी उठून बाहेर गेला.

ती पायऱ्यांवर धावली. "तँगी, साठ घरांचा प्रश्न होता रे. पुढच्या वर्षी मी—"

"पुढच्या वर्षी कारखाना त्यांचा असेल." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुझी अडचण मला कळते, ओदील. पण मी आता येणार नाही."

भाषणापासून त्याच्या हातातला फोन चालूच होता. त्यातून एक म्हातारा, कापरा आवाज आला. "तँगी, मला नीट ऐकू आलं नाही रे. माझ्या बाबांचं नाव घेतलं का तिनं?"

तँगीनं ओदीलकडे पाहिलं. मग फोन कानाला लावला.

"घेतलं, आई. टाळ्या ऐकल्यास ना?"

आणि तो पायऱ्या उतरून गेला.