अर्जावरचा नंबर

कॉलेजचं पत्र झेरॉक्स मशीनमध्ये अडकलं आणि माझं टाळकंच सटकलं. सकाळपासून त्याच पत्राने डोकं उठवलं होतं. फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता, पण फीमध्ये सवलत किती, तर जेमतेम आठवा हिस्सा. बाकीच्यासाठी कर्ज काढा आणि शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. बँकेतल्या बाईंनी हप्ता सांगितला, तेव्हा मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की जागा सोडायची. कागद परत करण्याआधी एक प्रत ठेवावी, एवढंच मनात होतं.

काउंटरवरच्या मुलाने मशीनचं झाकण उघडलं, शाईने काळी झालेली बोटं शर्टाला पुसली आणि पत्र अलगद ओढून काढलं. चुरगळू नये म्हणून तो इतका जपत होता की मी बघतच राहिले.

“वाचायचं नव्हतं हो… पण दिसलं.”

वाचलंतच आहे तर दोन अश्रूही गाळा, मी म्हटलं. तो हसला नाही. तीन वर्षांपूर्वी त्यालाही असंच पत्र आलं होतं म्हणे. आता अर्धा दिवस इथे, अर्धा दिवस कॉलेजात. त्याने सवलतीचा मूळ अर्ज मागितला. मीही काय, दिला.

“वडील कारखान्यात सुपरवायझर?”

“होते. पाच महिन्यांपूर्वी कारखाना बंद पडला.”

“मग इथे ‘नोकरी चालू’ कोणी लिहिलं?”

मी वाकून पाहिलं. बाबांचं वळणदार अक्षर. बाबा अजूनही रोज आठला डबा घेऊन निघतात, मित्राच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात, आणि शेजाऱ्यांना वाटतं कारखान्यात गेले. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण अर्जावरसुद्धा तेच लिहावं? मला त्यांचा भयंकर राग आला, आणि लगेच त्यांचा तो रोजचा डबा आठवला.

फेरविचाराचा अर्ज करता येतो, असं त्या मुलाने सांगितलं. कारखाना बंद झाल्याचं पत्र जोडायचं, खरी कमाई लिहायची, खाली वडिलांची सही. सही म्हणताना त्याचा आवाज जरा खाली आला. त्यानेही आपल्या घरी ती मागितली असणार.

घरी मी कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. मग चष्मा मागितला, पेन मागितलं.

“मला वाटलं… तुझ्या कॉलेजात तरी तुझा बाप नोकरीवाला असावा,” ते म्हणाले आणि सही केली.

गुरुवारी त्या अर्जाच्या सात प्रती काढायच्या होत्या. काउंटरवरच्या त्या मुलाने प्रत्येक गठ्ठा नीट जुळवून पिना मारल्या आणि विचारलं, “सवलत हवी?”

“त्या शब्दाचं नाव काढू नका,” मी म्हटलं, आणि पूर्ण पैसे मोजले. या वेळी मात्र तो हसला. गालावर शाईचा डाग होता. मी सांगितलं नाही. छान दिसत होता.

निर्णय होईपर्यंत जागा राखून ठेवतो, असं कॉलेजने कळवलं. नऊ दिवसांनी पत्र आलं. दोन तृतीयांश फी माफ. कर्ज राहिलंच, पण त्याचा हप्ता ऐकून रात्री झोप लागेल इतका. आईने डोळे पुसले. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, चपला घातल्या आणि शेजारच्या काकांना स्वतः सांगून आले की हल्ली मी हार्डवेअरच्या दुकानात असतो. परतले तेव्हा चक्क शीळ घालत होते. मी पत्र उचललं आणि काउंटरकडे पळाले.

“झालं!” मी धापा टाकत म्हटलं. “जागा राखून ठेवली, तेही तेव्हाच सांगायचं होतं, पण तुमचा नंबरच नव्हता.”

त्याने पत्र वाचलं आणि दोन्ही हात काउंटरवर टेकून मोठा श्वास सोडला, जणू त्याचीच फी माफ झाली होती.

“तुमचा होता माझ्याकडे,” तो म्हणाला. “अर्जावर. सात वेळा काढला.”

“मग नऊ दिवसांत एक फोन करवला नाही?”

तो पिनांची डबी उघडत राहिला, बंद करत राहिला.

“तो नंबर कॉलेजला दिला होता… मला नव्हता दिला.”

मी ट्रेमधला एक कोरा कागद ओढला आणि त्यावर मोठ्या आकड्यांत नंबर लिहिला.

“हा तुला दिला,” मी म्हटलं. “आणि याची झेरॉक्स काढायची नाही.”