अकरावं कलम

आशियातल्या हरित पक्षांच्या परिषदेत पहिल्याच दिवशी दादाराव पिंपळशेंडे चाळीस मिनिटं बोलले आणि बाकीच्या अठरा पक्षांच्या प्रतिनिधींना त्यातली जेमतेम अकरा सेकंदं ऐकू आली. दादाराव 'हिरवा विदर्भ' पक्षाचे अध्यक्ष, नागपूरच्या या परिषदेचे यजमान आणि मुलुखमैदान वक्ते. त्यांनी व्यासपीठावरून उतरताना भाषांतराच्या यंत्राकडे असं काही पाहिलं, की यंत्राला डोळे असते तर त्याने ते मिटून घेतले असते.

यंत्र बिघडलेलं मुळीच नव्हतं. भाषांतराची नेहमीची यंत्रं एखाद्या तालुक्याइतकी वीज खात, म्हणून या मंडळींनी त्यांना दारातही उभं केलं नव्हतं. तत्त्वाला जागणारी माणसं! मागच्या दोन परिषदा त्यांनी शब्दकोश आणि हातवारे यांच्यावर भागवल्या आणि दोन्ही गैरसमजात मोडल्या. ही तिसरीही मोडली, तर चौथी कोणी बोलावणार नव्हतं. डॉ. वत्सला भोयर यांनी नऊ वर्षं खपून तयार केलेला 'नवार्थवाहक' मात्र छतावरच्या चार सौरपाट्यांवर चालायचा, म्हणून त्याला प्रवेश मिळाला.

दुपारच्या चहाला उयांगा वत्सलाजवळ येऊन बसल्या. त्या मंगोलियाच्या कुरणरक्षक पक्षाच्या नेत्या, पण मूळच्या संदेशशास्त्रज्ञ. बोलणं अर्थातच यंत्रातून झालं.

"दादारावांची उरलेली एकोणचाळीस मिनिटं गेली कुठे?" त्यांनी विचारलं.

"ती तुमच्या मनात आधीच होती," वत्सला म्हणाली. "वीज वाचवायची तर उपाय एकच. ऐकणाऱ्याजवळ जे आहे, ते त्याला पुन्हा पाठवायचं नाही. फक्त नवा अर्थ पाठवायचा."

"म्हणजे मला माहीत असलेलं सगळं ते गाळतं."

"माहीत असलेलं नाही, मानलेलं. लवकर उठावं हे माहीत कोणाला नसतं? तुमची गेल्या पाच वर्षांची भाषणं आणि निर्णय यंत्राने वाचलेत. कानातला कर्णदूत तुमची नाडीही तपासतो. गोष्ट मनात रुजलेली असेल, तरच तो गप्प बसतो. बोलणारा कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही."

"आणि आमचं सगळ्यांचं एकमत झालं, तर?"

"तर कोणालाच काही ऐकू येणार नाही."

उयांगा मनापासून हसल्या. राजकारणात असं यंत्र फार आधी यायला हवं होतं, असं त्यांचं मत पडलं.

पुढचा दीड दिवस मोठ्या मौजेचा गेला. आपल्या भाषणातलं किती पोचलं हे पुढ्यातल्या आकड्यावर दिसू लागल्यावर पुढाऱ्यांनी पाल्हाळ टाकून दिलं. बाराशे पाणथळ जागांचा वाद एका सकाळीत मिटला. दादाराव तर तीन मिनिटांवर आले. त्यांच्या पक्षाच्या इतिहासात हे कधी घडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सामायिक करारनामा वाचायला घेतला. अट अशी, की तो एकमताने मंजूर झाला तरच आघाडी उभी राहणार. यजमान म्हणून दादाराव मराठीत वाचत होते. एकामागून एक दहा कलमं झाली आणि सभागृहात चिडीचूप शांतता राहिली. ज्याच्या कानात यंत्र बोलेल त्याचा दिवा वत्सलासमोरच्या अर्थफलकावर लागायचा; तिथे एकही लागला नाही. दहाही कलमं सगळ्यांच्या मनात आधीच रुजलेली होती.

अकरावं कलम असं होतं: 'विरोधात असताना आणि सत्तेत आल्यावरही आम्ही हा करार पाळू.'

फलकावरचे वीसच्या वीस दिवे लागले. एकोणीस प्रतिनिधींचे आणि विसावा, चाचणीसाठी तिने स्वतः लावलेल्या कर्णदूताचा. तिच्या कानात दोनच शब्द आले: 'सत्तेत आल्यावरही.'

आपल्या एकट्याच्याच कानात बोललं गेलं, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि प्रत्येकाने चेहरा शक्य तितका सज्जन ठेवला होता. यंत्र चालवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. आता सह्या होणार, आघाडीही होणार, पण ती वरवरची असणार.

दादारावांनी सहीसाठी पेन उचललं. महिन्यावर निवडणूक होती आणि यंदा त्यांचं सरकार येणार, हे विरोधकही म्हणत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माफ करजा," ते म्हणाले. "हे कलम म्याच लिवलं, म्याच वाचलं, अन् माह्याच कानात यंत्र बोलून राहिलं. माह्या मनात ते नव्हतंच. मित्रपक्षाले कोळशाची खाण पाहिजे. खुर्ची मिळाली तर देऊन टाकू, असं ठरवून बसलो होतो."

हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं, कारण ते सगळ्यांनाच नवीन होतं.

आता आघाडी मोडली, असं वत्सलाला वाटलं. तेवढ्यात उयांगांनी हात वर केला. त्यांच्याही कानात तेच आलं होतं. मग व्हिएतनामचा हात वर गेला, जॉर्डनचा गेला, आणि बघता बघता एकोणीस हात वर झाले. अख्ख्या खंडातले हरित पक्ष एकमेकांकडे बघून डोळ्यांत पाणी येईतो हसले.

त्यानंतर दोन तास प्रत्येकाने आपापला मोह सांगितला आणि बाकीच्यांनी त्यावर तोड सुचवली. शेवटी ठरलं, की जो पक्ष सत्तेत येईल, त्याच्याकडे बाकीच्यांपैकी दोघांनी दर महिन्याला जायचं आणि गरज पडली तर कान धरायचा. दादारावांनी पहिलं आमंत्रण तिथल्या तिथे उयांगांना दिलं.

मग कलम पुन्हा वाचलं. एकोणीस कर्णदूत गप्प राहिले. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, इंडोनेशियाच्या वृद्ध प्रतिनिधींनी चक्क फेर धरला.

दादाराव वत्सलाजवळ आले. ती फलकाकडे बघत बसली होती. विसावा दिवा जळतच होता.

"काऊन वो बाई, हा कोणाचा?"

"माझा आहे, भाऊ," वत्सला ओशाळून म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी मानलं. माझ्या कानात अजून तेच दोन शब्द येऊन राहिले. मला काही ते खरं वाटत नाही."

दादाराव खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. तीन दिवसांत पहिल्यांदाच ते इतके खूश दिसत होते.

"तो जळू दे," ते म्हणाले. "तू मतदार हायेस. तुहा दिवा विझवाले आमाले पाच वर्सं लागतीन."